अण्णांच्या जॅकेटच्या बाह्या

"दोन इंच काप. त्याशिवाय ती मनगटावर यायची नाही," सबनीस म्हणाले.

विलास ढाणे दोन्ही हात सैल सोडून माझ्यासमोर उभा होता. अंगात तपकिरी कातडी जॅकेट. बाह्या थेट बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या आणि खाली मात्र जॅकेट कमरेच्या पट्ट्यावरच संपलेलं. त्याने हात जरा वर केला की खालून शर्ट डोकावायचा.

"बाह्या थोरल्याच्या, पोट धाकट्याचं," मागून कुणीतरी म्हणालं आणि तालमीला जमलेले सगळे हसले.

मी गुडघ्यांवर बसून उजव्या बाहीवर खडूने रेघ ओढली.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची ही गोष्ट. मी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मला शिवण येत असल्यामुळे आमच्या ऑफिसच्या नाटकाचा कपडेपट माझ्या गळ्यात पडलेला असायचा. त्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी ऑफिसातल्याच सबनीसांनी हवाई दलावर नाटक लिहिलं होतं. बसवतही तेच होते. पुढच्या रविवारी सांगलीला प्रयोग. विलास लाइनमन होता, दिसायला देखणा, त्यामुळे पायलट तोच. पायलट म्हटला की कातडी जॅकेट हवं, आणि ते साताऱ्यात कुठून आणायचं यावर आठवडाभर खल चालला होता. शेवटी मी म्हटलं होतं, "आमच्याकडे आहे एक."

"कुणाचं गं हे, कुमुद?" विलासने विचारलं.

"माझ्या वडिलांचं."

"म्हणजे पायलटकाकांचं?" त्याने हसू आवरायचा प्रयत्न केला. पण त्याला ते जमलं नाही.

माझे वडील, अण्णा, एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, ब्रेकचे लायनर मोजून द्यायचं काम. डेपोत त्यांना सगळे 'पायलट' म्हणायचे. तरुणपणी ते सात वर्षं हवाई दलात होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे काय करत होते ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. नोकरी मध्येच सुटली होती, कागद दोनदा घर बदलताना कुठे गेले ते कळलं नव्हतं, आणि अण्णांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसल्यामुळे गप्पांमध्ये ते फारसे पडतच नसत. राहिलं होतं ते ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं हे जॅकेट.

मी दहा वर्षांची असताना भाऊबीजेला रघुमामा आला होता. जेवणं झाल्यावर त्याने अण्णांना ते जॅकेट घालायला लावलं. अण्णा नको नको म्हणत होते. मीच ट्रंकेतून काढून आणलं. अण्णांनी ते घातलं आणि अंगणात उभे राहिले. बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत होती.

"दाजी, तुम्ही पायलट होता का हो?" मामाने विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग हे कुणाचं उचलून आणलं?"

सगळे हसले. शेजारचे, मामाची मुलं, सगळेच. अण्णांनी जॅकेट काढलं, नीट घडी केली आणि आत गेले. मामा मला जवळ ओढून म्हणाला, "तुझा बाप तिथं भांडी घासत असणार बघ. पण माणूस चांगलाय." त्यानंतर अण्णांनी ते कधी अंगावर चढवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला मामाचं पटलं होतं. दहाव्या वर्षी पटलं आणि तेविसाव्या वर्षापर्यंत पटलेलंच राहिलं. कुणी 'पायलट' म्हणून हाक मारली की मी मान खाली घालून चालू लागायची.

त्या दिवशी सकाळी जॅकेट मागितलं तेव्हा अण्णांनी लगेच काढून दिलं होतं.

"नाटकातल्या माणसाला होईल का पण?" ते म्हणाले.

"नाही झालं तर थोडं कमी-जास्त करावं लागेल. कापलं तर चालेल?"

त्यांनी उजवी बाही जरा सारखी केली. "काप की. मी कुठे घालतोय आता."

म्हणून मी कापायला बसले होते. बाहीच्या टोकाला विणलेल्या लोकरीचा घट्ट कफ होता. तो उसवायचा, वरचं कातडं दोन इंच कापायचं आणि कफ पुन्हा जोडायचा, असा बेत. कापडाचं चुकलं तर सावरता येतं. कातड्यात सुईचं भोकसुद्धा बुजत नाही. विलासला मी जॅकेट काढायला लावलं, मांडीवर घेतलं आणि कफाचे आठ-दहा टाके उसवले. मग मोठी कात्री हातात घेतली.

"हे काय चाललंय?"

दारात एक साठीचे गृहस्थ उभे होते. पांढऱ्या मिशा, पाठ सरळ. निवृत्त विंग कमांडर मोकाशी. ते सदरबाजारात राहायचे, आणि सॅल्यूट कसा करतात, अधिकारी एकमेकांशी कसे बोलतात हे दाखवायला सबनीसांनी त्यांना त्या दुपारी बोलावलं होतं.

"बाह्या लांब आहेत साहेब. कमी करतेय," मी म्हटलं.

"लांब आहेत असं कोण म्हणालं?"

"दिसतायत ना, साहेब," सबनीस पुढे होत म्हणाले. "आणि उंचीला पार आखूड. माप चुकलेलंच आहे मुळात."

मोकाशींनी माझ्या हातातून जॅकेट घेतलं, उलटंपालटं केलं. "पायलट कोण आहे तुमच्यात? घाल रे हे. आणि खुर्ची आणा एक."

विलासने जॅकेट घातलं. खुर्ची आली.

"बस. हात पुढे घे. समोर विमान वळवायची दांडी आहे समज, ती धर."

विलास बसला, त्याने हात पुढे केले. आणि आमच्या डोळ्यांदेखत बाह्या मागे सरकल्या. कफ बरोबर मनगटाच्या हाडावर येऊन थांबले. पाठीवर खांद्यांपाशी दोन चुण्या होत्या. त्या मला उगाच घातलेल्या वाटल्या होत्या. त्या उघडल्या आणि कातडं न ताणता हातांबरोबर पुढे आलं. खालचा काठ मांडीला टेकून सपाट बसला. कुठे फुगा नाही, घडी नाही.

"विमानात उभं कोण राहतं?" मोकाशी म्हणाले. "हे बसलेल्या माणसाच्या मापाचं आहे. लांब असतं तर मांडीवर गोळा झालं असतं आणि पट्ट्यांत अडकलं असतं. वरून पॅराशूटचे पट्टे यायचे, म्हणून अंगाबरोबर. जमिनीवर ते आम्हा सगळ्यांच्याच अंगावर असं विचित्र दिसायचं. आणि ती कॉलर खाली कर बघू."

"कॉलर मी मुद्दाम वर करायला सांगितलीय," सबनीस म्हणाले.

"कॉलर वर करून आम्ही फक्त फोटो काढायचो."

या वेळी सगळे मोकाशींबरोबर हसले. मी हसले नाही. कात्री जमिनीवर ठेवून दिली. अजून पाच मिनिटं ते आले नसते तर! आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. भाऊबीजेच्या दिवशी अण्णा उभे होते. त्यांना कुणी बसायला सांगितलंच नव्हतं.

मोकाशी मात्र अजून विलासच्या हाताकडे बघत होते. खाली वाकून त्यांनी त्याची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत उलटी करून पाहिली. मग डावी पाहिली. मग पुन्हा उजवी.

"कुणाचं आहे हे?"

"माझ्या वडिलांचं."

"हिचे वडील पायलट होते म्हणे," सबनीस म्हणाले. तो 'म्हणे' त्यांनी जरा लांबवला.

"हे पायलटचं जॅकेट नाही," मोकाशी म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.  मोकाशींनी मला विचारलं, "वडील असतात का?"

"घरी आहेत. रविवार पेठेत. जवळच आहे."

"चला. मला भेटायचंय त्यांना. जॅकेट घे बरोबर."

सबनीस तालमीचं काही म्हणाले. "अर्ध्या तासात येतो," एवढंच बोलून मोकाशी चालू लागले.

वाटेत ते झपाझप पुढे. मी जॅकेट छातीशी धरून त्यांच्या मागून चालत होते आणि मनात एकच चाललं होतं. आता हे अण्णांना विचारणार, कोणत्या ठाण्यावर होता, काय काम करत होता. अण्णा खाली बघत राहणार. मामा हसला होता ते घरातल्यांसमोर. हा तर खराखुरा अधिकारी होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला राहवलं नाही.

"साहेब, माझे वडील साधे आहेत. त्यांनी कधी कुणाला पायलट होतो म्हणून सांगितलेलं नाही. लोकच म्हणतात. त्यांना चारचौघांत काही बोलू नका."

ते थांबले. "घरी कोण कोण आहे?"

"अण्णा आणि आई."

"मग चारचौघं कुठे आहेत?" असं म्हणून ते पुढे निघाले.

अण्णा ओसरीवर स्टोव्हचा पंप उघडून बसले होते. हाताला रॉकेलचा वास. मी ओळख करून दिली तसे ते झटकन उठले, आणि मी पाहिलं, त्यांच्या टाचा आपोआप एकमेकींना टेकल्या.

"बसा, साहेब. कुमुद, पाणी आण."

"पाणी नंतर. हे घाला जरा," मोकाशींनी जॅकेट पुढे केलं.

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. उसवलेला कफ पाहिला. "आता होत नाही मला."

"बघू तर."

हात पुसून अण्णांनी ते घातलं. तेरा वर्षांनी. पोट थोडं सुटलं होतं, चेन अर्ध्यावरच राहिली. ते उभे राहिले आणि बाह्या पुन्हा तशाच लोंबल्या, फक्त बोटांची टोकं दिसत होती. मला वाटलं, नको, काढा ते. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मोकाशींनी इकडे तिकडे पाहिलं. ओसरीवरच खिडकीशी माझं शिवणयंत्र होतं. टेबलाचं, मिटलेलं. त्यांनी त्यासमोर स्टूल सरकवलं.

"इथे बसा. आणि हात ठेवा. तिथे ठेवत होता तसे."

अण्णा बसले. क्षणभर हात मांडीवरच राहिले. मग उजवा हात त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला. कोपर बाहेर, मनगट काठाच्या जरा आत, बोटं किंचित वाकलेली, अंगठा आणि दोन बोटं एकत्र, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी. बाही मागे सरकून मनगटावर थांबली. कोपरापाशी कातड्याला जुन्या, खोल घड्या होत्या. विलासच्या अंगात त्या वेड्यावाकड्या दिसत होत्या. आता त्या बरोबर कोपराच्या वळणात जाऊन बसल्या.

"ये इकडे, पोरी," मोकाशी म्हणाले. "उचला हो हात जरा. हे बघ."

उजव्या बाहीच्या खालच्या अंगाला, मनगट ते कोपर, कातड्याचा रंग पार उडालेला होता. गुळगुळीत, काचेसारखं चकचकीत झालं होतं तिथे. अण्णांनी हात पुन्हा ठेवला. तेवढाच भाग लाकडाला टेकत होता. त्याच्या बाहेर एक बोटभरही नाही. डावी बाही जवळजवळ नवी होती.

"पायलटची बाही अशी झिजत नाही. त्याचे हात अधांतरी असतात. ही सिग्नलरची बाही आहे. टेबलावर हात टेकून तासन् तास मोर्सची कळ दाबत संदेश पाठवणाऱ्याची. डाकोटा विमानात?"

"हो, साहेब," अण्णा म्हणाले.  "आसामच्या बाजूला. रसद टाकायला जायचो."

 मोकाशींनी वाकून टेबलाच्या लाकडावर बोटाने वाजवायला सुरुवात केली. कधी टक्, कधी नखाने लांब खरर्. टक् टक्, खरर्, टक्. मला त्यातलं काही कळत नव्हतं. अण्णांनी मान वळवून उजवा कान टेबलाकडे केला. डोळे मिटले. मोकाशी थांबले. 

मग अण्णांचा हात हलला. इतक्या भरभर की मला बोटं वेगळी दिसेनात. टक् टक् खरर् टक् खरर् खरर्. डेपोत नट-बोल्ट मोजणारा तो हात मी रोज बघत होते. तो असा चालताना मी कधी पाहिला नव्हता.

मोकाशी एकदम मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी स्टुलावर बसलेल्या अण्णांच्या पाठीवर थाप मारली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी विचारलं, तुमचं नाव काय. हे म्हणतात, सावकाश वाजवा, तुमचा हात गंजलाय!"

अण्णा ओशाळे होऊन हसत होते. "चुकलं साहेब. पण तुम्ही दोन अक्षरं खाल्लीत."

"खाल्ली असतील. आम्ही खायची आणि तुम्ही भरून काढायची, तसंच तर चालायचं."

आणि मी तिथेच, ओसरीवर, स्टोव्हच्या सुट्या भागांशेजारी फतकल मारून बसले आणि रडायला लागले. दुःखाने नाही. खूप वेळ जड पिशवी धरून ठेवावी आणि ती कुणीतरी हातातून घ्यावी, तसं झालं होतं. आई दारातून म्हणाली, "रडतेस काय? चहा टाकते, कप काढ." पण तीही पदराने डोळे टिपत होती.

मोकाशींनी चहा घेतला आणि दोघे विमानांबद्दल बोलत बसले. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. तालमीहून दोनदा माणूस येऊन गेला. निघताना मोकाशी मला म्हणाले, "ते टाके त्याच भोकांतून परत घाल. नवं भोक पाडू नकोस." मी मान हलवली. ते गेले आणि ओसरीवर मी आणि अण्णा दोघेच उरलो.

"अण्णा, मला वाटायचं..."

"माहीत आहे," ते स्टोव्हचा वॉशर बसवत म्हणाले.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"रघूने विचारलं, पायलट होता का. नव्हतो. नाही म्हटलं. पुढचं कुणी विचारलंच नाही." वॉशर नीट बसत नव्हता, त्यांनी तो काढला, पुन्हा घातला. "आणि आपणहून सांगायला लागलो तर ते आणखीनच खोटं वाटतं."

"आणि कापायला का दिलंत?"

"तुझं नाटक अडलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी आईने रघुमामाला पोस्टकार्ड लिहिलं. टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून मी वाचलं. खुशालीच्या चार ओळी, आणि खाली, 'तुझे दाजी विमानात होते. भांड्यांचं तू स्वतःच्या मनाने लावलं होतंस. दिवाळीला ये, म्हणजे सविस्तर सांगू.'

सांगलीचा प्रयोग बरा झाला. सबनीसांनी विमानाचा प्रवेश सगळा बसूनच ठेवला. विलासची कॉलर खाली होती. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. अण्णा प्रयोगाला आले होते, तिसऱ्या रांगेत, उजवा कान रंगमंचाकडे करून. प्रयोग संपल्यावर विलास त्यांच्या पाया पडायला गेला, तर त्याला म्हणाले, "छान केलंस. फक्त ती दांडी तांब्या धरल्यासारखी धरत होतास."

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे परत निघालो. खिडकीशी मी, शेजारी अण्णा. त्यांच्या उजव्या हाताला मी बसले होते, म्हणजे माझं बोलणं त्यांना ऐकू येईल. इस्लामपूर मागे पडल्यावर मी विचारलं, "तुमची नोकरी सुटली कशी?"

"कानामुळे. सर्दी झालेली असताना वर गेलो. परत येताना ढग दाटून आले, विमान फार झपकन खाली आणावं लागलं. कानाचा पडदा गेला. ज्याचं काम ऐकायचं, त्याचाच कान." ते थोडे हसले. "डॉक्टरांनी लिहून दिलं, उड्डाणाला अपात्र. मग सामान जमा करायला गेलो. जॅकेट द्यायला मन होईना, पण काय करणार. आमचा कॅप्टन शेजारीच उभा होता. त्याने ते हातात घेतलं, ही बाही बघितली, आणि स्टोअरच्या कारकुनाला म्हणाला, हे झिजलंय, निकामी लिही. कारकुनाने लिहिलं. कॅप्टनने ते माझ्याच हातात परत ठेवलं. म्हणाला, निकामी माल आम्ही ठेवून घेत नाही, घेऊन जा."

"म्हणजे दोघांनाही एकाच दिवशी..."

"एकाच दिवशी. दोघं एकाच गाडीने घरी आलो."

मग मी विचारलं, वर थंडी किती असायची. मग विचारलं, रसद खाली कशी टाकायचे, आणि भीती वाटायची का. अण्णा सांगत गेले. आवाज वाढत गेला, कारण ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्यानेच बोलतो. पुढच्या बाकावरचे दोघं मागे वळून ऐकायला लागले. दारं उघडी ठेवून डोंगराच्या कुशीत विमान कसं वळवायचे, तांदळाची पोती कशी ढकलायचे, खालून एका गावातली माणसं पांढरं धोतर पसरून जागा कशी दाखवायची, हे सगळं कराडच्या अलीकडेपलीकडे झालं.

उंब्रजला कंडक्टर तिकिटं तपासत आमच्यापाशी आला. सातारा डेपोचाच होता, अण्णांना वर्षानुवर्षं ओळखणारा. तो बाकाच्या दांडीला धरून थांबला आणि म्हणाला, "काय काका, वीस वर्षं बघतोय तुम्हाला, चार शब्दांच्या वर कधी गेला नाहीत. आज काय झालंय?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिनं विचारलं," ते म्हणाले.